लॅम्बिकच्या खोऱ्यातील दोन दिवस: ‘तूर दे ग्यूझ’च्या तयारीची नोंद

‘तूर दे ग्यूझ’चा मार्ग अखेर कागदावर उतरला आहे. मागील नोंदीत दिलेल्या भेटींच्या यादीत इतका फेरफार झाला आहे की, ती यादी बाजूला ठेवून नव्याने लिहिणे मला सोयीचे वाटले. ज्यांनी हा उत्सव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रुसेल्सच्या नैऋत्येस सेन नदीचे खोरे आणि त्याला लागून असलेला पायोटनलांड हा चढउतारांचा, शेतीचा प्रदेश म्हणजे लॅम्बिकचे, अर्थात वरून यीस्ट न घालता आपोआप आंबणाऱ्या बिअरचे, माहेरघर. तेथील पारंपरिक लॅम्बिक करणाऱ्यांची ‘होराल’ ही संघटना १९९७ मध्ये स्थापन झाली आणि ती दर दोन वर्षांनी वसंतातील एका शनिवार-रविवारी सभासद ब्रुअरींची दारे सर्वांना खुली करते. पूर्वी विषम वर्षी भरणारा हा उत्सव कोविडनंतर सम वर्षांकडे सरकला आहे, हे जुन्या प्रवासवर्णनांवरून बेत आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जितकी दारे उघडी तितकी पाहून घ्यायची, हा मोह पहिल्याच बैठकीत आवरला. बून, औट बीर्सल किंवा टिमरमान्स यांच्याकडे एरवीही आगाऊ नोंदणी करून जाता येते, आणि त्यांच्या बाटल्या नेदरलँड्समधील आमच्या आइंडहोव्हनच्या दुकानांतही मिळतात. तेव्हा हे दोन दिवस खर्च करायचे ते, ज्यांच्या कोठारात इतर वेळी पाऊल ठेवणे कठीण असते अशांवर. असे बहुतेक जण स्वतः बिअर शिजवत नाहीत. ते इतर ब्रुअरींकडून ताजा वर्ट, म्हणजे अजून न आंबलेला धान्याचा गोड काढा, विकत घेतात, आपल्या पिंपांत भरतात, वर्षानुवर्षे राखतात आणि मग निरनिराळ्या वयांचे लॅम्बिक एकत्र करून ग्यूझ ही बाटलीत फसफसणारी बिअर बांधतात. मला शिकायचे आहे ते नेमके हेच मिश्रण, आणि पूर्ण बेत याच एका कारणाभोवती आखलेला आहे.

लॅम्बिक शिजवण्याची रीत घरी बिअर करणाऱ्या आपल्या मंडळींना परिचित आहे: किमान ३० टक्के माल्ट न केलेला (मोड आणून न वाळवलेला) गहू, गढूळ मॅश (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा स्टार्चयुक्त घोळ), दोन-तीन वर्षे जुने हॉप्स (बिअरमध्ये घालायची कडसर फुले), कित्येक तासांचा उकाळा आणि मग कूलशिप या उथळ, पसरट हौदात रात्रभर निवणे. दह्याला जसे विरजण लावावे लागते तसे येथे काहीही लावत नाहीत. रात्रीच्या गार हवेतून आणि लाकडातून येईल ते यीस्ट, येतील ते जिवाणू. म्हणूनच हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात चालते. खुल्या शनिवार-रविवारी वाफाळणारे कूलशिप पाहण्याच्या आशेने कोणी निघत असेल, तर त्याने त्याऐवजी थंडीत जावे. वसंतात पाहण्याजोगी आणि चाखण्याजोगी गोष्ट म्हणजे पिंपे.

शुक्रवारी सकाळी आइंडहोव्हनहून निघून ब्रुसेल्समधील कांतियाँ गाठायचे आहे. ती ब्रुअरी होरालची सभासद नाही आणि रविवारी बंद असते, त्यामुळे तिच्यासाठी शुक्रवार राखला. १९०० मध्ये सुरू झालेली ही कौटुंबिक ब्रुअरी अँडरलेक्टमध्ये, ब्रुसेल्स-मिडी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९७८ पासून तिथेच ग्यूझचे संग्रहालयही आहे. छपराखालच्या माळ्यावर तांब्याचे कूलशिप आहे. उरलेल्या दोन दिवसांत ज्या घरांना आम्ही भेटी देणार आहोत त्यांच्याकडे कूलशिप नाही, म्हणून हौद येथेच पाहून घ्यायचा आणि मग पिंपांकडे वळायचे, असा क्रम लावला आहे.

शनिवारी पहिला थांबा खोयकमधील ‘दे काम’. खोयक हे गाव नकाशात शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, २०२५ च्या आरंभापासून खोयक, हेर्ने आणि गाल्मार्डेन मिळून पायोटेखेम ही एकच नगरपालिका झाली आहे. दे काम १९९७ मध्ये सुरू झाले. सध्याचे चालक कारेल खोदो आहेत. या जागेकडे ओढ लागण्याचे कारण तिथली पिंपे. ती चेक प्रजासत्ताकातील पिल्सनर उर्क्वेल ब्रुअरीतून आलेली, प्रत्येकी सुमारे १००० लिटरची आणि फार जुनी आहेत. वाइनच्या लहान पिंपांपेक्षा एवढ्या मोठ्या पिंपात लाकडातून आत झिरपणारा प्राणवायू द्रवाच्या मानाने कमी असतो, त्यामुळे व्हिनेगरसारखा आंबटपणा वाढण्यास वाव कमी मिळतो. घरी पाच लिटरच्या पिंपात प्रयोग करून ज्यांचे हात पोळले आहेत त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुपारी बीर्खमधील टिल्कँ. भाषेची सीमा ओलांडून फ्रेंचभाषक वालोनियात ग्यूझ बांधणारे हे पहिले घर. पियर टिल्कँ यांनी २००९ मध्ये काम सुरू केले आणि त्यांच्या पहिल्या बाटल्या २०११ मध्ये बाजारात आल्या. त्यांनी वर्ट घेतला तो बून, लिंडेमान्स, जिरार्दँ आणि कांतियाँ अशा एकमेकांहून अगदी वेगळ्या ब्रुअरींकडून. शिजवणारा वेगळा, पण पिंप, तळघर आणि वय सारखे, अशा स्थितीत चव कितपत वर्टमुळे ठरते आणि कितपत घरामुळे, हा माझा जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर चाखून मिळण्याची शक्यता याहून जास्त कुठेच नाही.

रविवारची सकाळ ड्वोर्पच्या हान्सेन्ससाठी ठेवली आहे. १८९६ पासूनचे हे घर केवळ मिश्रण करते, आणि एरवी तिथे पर्यटकांसाठी दार उघडे नसते. माझ्या मते या उत्सवाला जाण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. त्यांचे स्ट्रॉबेरी घातलेले ‘औडबेट्ये’ मात्र मला तितकेसे रुचलेले नाही. स्ट्रॉबेरीची साखर यीस्ट खाऊन टाकते आणि मागे उरतो तो फळाचा अंधूक वास व धारदार आंबटपणा. साधी ग्यूझ मात्र त्यांची अव्वल.

बूनला या खेपेस गाळले याचे काही जणांना नवल वाटेल. फ्रँक बून यांनी १९७० च्या दशकात लेंबेकची दे व्हिट्स यांची मिश्रणशाळा घेतली आणि ग्यूझ मरणपंथाला लागलेल्या काळात ती तगवली, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांच्या एकेका मोठ्या पिंपाच्या क्रमांकाने निघणाऱ्या बाटल्या तर मिश्रण शिकणाऱ्याने आधी घरी शेजारी-शेजारी ठेवून चाखाव्यात अशा आहेत. पण बूनकडे जायचे तर ऑक्टोबरनंतर, कूलशिप भरत असताना.

आता मिश्रणाविषयी, कारण खरी तयारी तिथे चालली आहे. युरोपीय महासंघाने १९९७ मध्ये संरक्षण दिलेल्या ‘औडे ग्यूझ’ या नावाच्या अटींनुसार मिश्रणाचे सरासरी वय किमान एक वर्ष असावे लागते आणि त्यातील सर्वांत जुना घटक लाकडात किमान तीन वर्षे राहिलेला असावा लागतो. तरुण लॅम्बिक साखर आणते, जुने लॅम्बिक ती खाऊ शकणारे ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट आणि चवीची खोली आणते. बाटलीत वरून साखर न घालता फेस यायचा, तर तरुणाचे प्रमाण नेमके बसले पाहिजे.

आमच्या जिन्याखालच्या कपाटात काचेच्या बुधल्यांत ग्यूझच्या गाळावर आंबवलेली गव्हाची बिअर निरनिराळ्या वयांची आहे. तिला लॅम्बिक म्हणण्याचे धाडस मी करत नाही, परंतु हिशेब तोच लागतो. तरुण बुधल्याची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतील घनता, जिच्यावरून उरलेल्या साखरेचा अंदाज येतो) १.०१२ आणि जुन्याची १.००२ धरली आणि ४० टक्के तरुण घेतली, तर मिश्रण १.००६ वर येते. ते बाटलीत १.००१ पर्यंत उतरले तर पाच अंक (हजारांश) उतरले. दर अंकामागे बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कर्बवायू धरल्यास अडीच होतात, आणि मुळात विरघळलेला पाऊण-एक मिळवला की सव्वातीनच्या पुढे जातो. एवढा दाब साध्या बिअरच्या बाटलीला पेलत नाही. शँपेनच्या जाड काचेच्या बाटल्या आणि तारेने बांधलेले बूच लागते. हा हिशेब जुळतो तो कागदावर. तरुण बुधल्यातील किती साखर ब्रेटॅनोमायसिसला खरोखर खाता येईल, हे हायड्रोमीटर हे घनता मोजणारे उपकरण सांगत नाही. पिंपापाशी उभे राहून एका घोटात ते ओळखणारी माणसे मला भेटायची आहेत.

दुसरी अडचण अशी की, मधल्या वयाच्या बुधल्याला सध्या तार सुटली आहे. पिपेट वर उचलली की द्रव थेंबाथेंबाने न पडता लांबच लांब ओघळत राहतो, पेल्यात ओतताना आवाज करत नाही, आणि चव चांगली असूनही जिभेला तेलकट लागतो. पेडिओकॉकस या जिवाणूचा हा उपद्व्याप लॅम्बिकमध्ये नेहमीचा आहे, आणि ब्रेटॅनोमायसिस सवडीने तो चिकटपणा मोडून काढतो, एवढे वाचनातून माहीत आहे. मात्र असे पिंप मिश्रणात घेऊन ते बाटलीत निवळेल यावर विसंबायचे की ते पूर्ण बरे होईपर्यंत वेगळे ठेवायचे, यावर तीनही घरांचे मत विचारायचे आहे. प्रश्न मी डचमध्ये लिहून घेतले आहेत; टिल्कँकडे फ्रेंच चालेल म्हणून ते तेवढे शेजारणीकडून भाषांतरित करून घेतले.

वाहतुकीचा प्रश्न माझे पती मद्य घेत नसल्यामुळे सुटला. बेल्जियममध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्यार्काची मर्यादा ०.५ प्रतिसहस्र आहे आणि ती सायकलस्वारालाही लागू होते, हे सायकलने फिरण्याचा बेत करणाऱ्यांनी विसरू नये. क्रमांकांच्या खांबांवरून जोडलेले सायकलमार्ग उत्तम असले, तरी पायोटनलांडचे चढ आइंडहोव्हनभोवतालच्या आमच्या सपाट ब्राबांटची सवय असलेल्या पायांना जड जातील. ज्यांच्याकडे असा चालक नाही त्यांनी होरालच्या बसमध्ये जागा धरावी. त्यांचे मार्ग ठरलेले असतात आणि जागा फार लवकर संपतात. स्वतंत्रपणे जायचे झाल्यास ब्रुसेल्सहून हॅलेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लोट, बौइझिंगेन आणि पुढे लेंबेक ही स्थानके आहेत. लोटला थ्री फाँटेनन या लॅम्बिक करणाऱ्या घराचे ‘लांबिक-ओ-द्रोम’, तर लेंबेकला बून असे दोन टप्पे गाडीविना जमून जातात. आम्ही मुक्काम हॅलेत ठेवला आहे, कारण ठरवलेली ठिकाणे तेथून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत येतात.

रविवारची दुपार आयझरिंगेनच्या चर्चसमोरील ‘इन दे फर्झेकरिंग तेखन दे ख्रोते दोर्स्त’ या जुन्या पबमध्ये. तो रविवारी उघडतो, आणि तिथे बाटल्यांची यादी पुस्तकाएवढी आहे. न फसफसणारे लॅम्बिक दगडी सुरईतून मागवायचे, सोबत जाड पावावर ताज्या मऊ चीजचा थर आणि वर मुळ्याच्या चकत्या, हे या प्रदेशाचे पक्के जोडीदार. पतींच्या वाट्याला बिअर नसली तरी या पावावर त्यांनी आतापासूनच हक्क सांगून ठेवला आहे.

पुण्याहून माझे धाकटे दीर येणार आहेत. त्यांच्याबाबतची दोन कामे मात्र उरली आहेत. भाऊजींचा बहुतेक मुक्काम आमच्याकडे असल्याने शेंगेन व्हिसाचा अर्ज बेल्जियमकडे नव्हे, नेदरलँड्सकडे करावा लागतो, कारण जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे तो करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो. त्यांनी कागदपत्रे जमवली आहेत, भेटीची वेळ अद्याप मिळालेली नाही. दुसरे काम त्यांच्या सामानाचे. भारतात परतताना शुल्काविना दोन लिटर मद्य नेता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन आणि ३७५ ची एक बाटली. तीनही दाबाखालच्या, म्हणून कपड्यांत गुंडाळून सामानाच्या मधोमध. दोन मोठ्यांपैकी एक हान्सेन्सची, हे ठरले. दुसरीसाठी भाऊजींचा आग्रह होरालने अनेक सभासदांचे लॅम्बिक एकत्र करून काढलेल्या ‘मेगाब्लेंड’चा आहे. ती बाटली संग्राहकांत भाव खाते, परंतु तिच्यात कोणाचेच घर स्पष्ट ओळखू येत नाही असे माझे मत असल्याने मी टिल्कँ सुचवले आहे. लहान बाटली त्यांनी स्वतः चाखून निवडावी. हॅलेतील खोली विनाशुल्क रद्द करण्याची मुदत संपण्यापूर्वी व्हिसाचा निकाल लागला नाही, तर तिघांची खोली दोघांची करून घ्यायची आणि बाटल्या आमच्याच कपाटात ठेवायच्या, असे घरी ठरले आहे.