त्रिफळा विकणाऱ्याचं रूट कॅनाल

दादरला आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दात दुखतोय म्हणून आलेल्याला लवंगेचं तेल नाहीतर त्रिफळा चूर्ण देत आलो. माझीच खालची डावी दाढ ठणकायला लागली तेव्हा मीही पंधरा दिवस तेच केलं. चहाचा घोट घेतला की कळ उठायची आणि बराच वेळ जायची नाही. मग एक रात्र अशी आली की उशीला गाल टेकवेना. सकाळी माहीमला डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "काका, कीड नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनाल करावं लागेल."

भूल दिली, दाढेभोवती रबरी पडदा ताणला. थोड्या वेळाने स्विमिंग पूलवर येतो तसला वास आला. खुर्चीतून उठल्यावर पहिलं तेच विचारलं. सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचमधलं रसायन. नस काढल्यावर मुळांतल्या पोकळ नळ्या त्याने धुतात. ते मुळांच्या टोकाबाहेर गेलं तर भयंकर आग होते आणि तोंड सुजतं, म्हणून सुई टोकाच्या अलीकडेच थांबवून अगदी हळू सोडतात.

"मग त्रिफळ्याचा काढा का नाही वापरत?" मी मनापासून विचारलं. त्रिफळ्यातल्या माझ्या हिरडा या फळाने हे काम करावं असं मला खरोखर वाटत होतं.

त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. यावर प्रयोग झालेत, म्हणाल्या. २००८ साली अमेरिकेत बारतोंडीच्या (नोनी) रसावर, २०१० साली भारतात त्रिफळा आणि ग्रीन टीवर, कडुनिंबावरही. काढलेल्या दातांत मुद्दाम जंतू वाढवून बघतात. एंटेरोकॉकस फिकॅलिस नावाचा एक चिवट जंतू रूट कॅनाल फसलेल्या दातांत अनेकदा सापडतो, तो त्रिफळ्यानेही मरतो. पण जोर हायपोक्लोराइटचाच जास्त. आणि खरी अडचण पुढे आहे. खालच्या पहिल्या दाढेला मुळं दोन, पण नळ्या बहुधा तीन, कधी चार. त्यांना बारीक फाटे असतात, तिथे नळी घासायची बारीक कानस, म्हणजे फाईल, पोहोचत नाही. त्या फाट्यांत मेलेल्या नसेचे धागे राहतात, आणि ते विरघळवून बाहेर काढणं हायपोक्लोराइटला जमतं. त्रिफळ्याने जंतू मेले तरी हे धागे विरघळत नाहीत. घासल्यामुळे नळीच्या भिंतीवर बसलेला भुशाचा थर काढायला ईडीटीए नावाचं रसायन वेगळं लागतं.

घरी आलो आणि डोक्यात माझा धंदा फिरायला लागला. जुन्नर-आंबेगावकडून येणारा बाळहिरडा आणि पिकलेला सुरवारी हिरडा यांचे गुण एक नाहीत, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. एकाच गावच्या दोन पोत्यांतला मालही सारखा उतरत नाही, पाऊस लागलेला हिरडा तर हाताला लगेच कळतो. मग दाताच्या मुळात सोडायचा काढा दर वेळी तेवढ्याच ताकदीचा निघेल, याची हमी मी देऊ शकेन का? नाही देऊ शकत. काढा मुंबईच्या दमट हवेत उघडा राहिला तर आंबतो, वर बुरशी धरतो. शिवाय लोखंडी कढईत हिरडा उकळला की काळाकुट्ट होतो, त्याची शाई करत असत. दातावर डाग पडणार नाही कशावरून?

दुसऱ्या खेपेला दोन्ही हिरडे कागदात बांधून नेले. डॉक्टरांनी हातात घेऊन बघितले, वास घेतला, आणि मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं असं एक सांगितलं: अर्क प्रमाणित होईल, रुग्णांवर वर्षानुवर्षं नीट तपासला जाईल, त्या दिवशी मी आनंदाने वापरीन.

त्या खेपेला उरलेले जंतू मारायला नळ्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून आठवडाभर ठेवलं. तिसऱ्या खेपेला नळ्या बंद करायला गुलाबी काड्या निघाल्या. गटापर्चा. मलेशिया-इंडोनेशियाकडच्या झाडाचा चीक. काड्यांभोवती लावायचा लेप झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचा होता, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलंच मुख्य द्रव्य. ते ऐकून मला फार बरं वाटलं. पुढे कॅप बसली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुकानात आता दातासाठी कुणी चूर्ण मागितलं की आधी विचारतो, गरम लागल्यावर कळ किती वेळ राहते, रात्री झोप मोडते का. हो म्हणाले तर पुडी बांधत नाही, डॉक्टरांचा पत्ता देतो.