पाटीवर आठ, टाकीत पाच

घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी सँडब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक खर मारून गंज आणि रंग उडवण्याचा सेट घेताय? मग कॅबिनेट (ज्या बंद पेटीत हे काम चालतं ती), काच, हातमोजे यांच्या मागे पहिल्यांदा लागू नका. कॉम्प्रेसर दर मिनिटाला खरोखर किती घनफूट हवा देतो (याचं माप सीएफएम), हा एक आकडा आधी हातात घ्या. त्या एका आकड्यासाठी माझे सोळा दिवस गेले. अजूनही कंपनीचं ते माहितीपत्रक दिसलं की चिडचिड होते.

निमित्त बाबांची येझदी. कोल्हापुरात फौंड्र्यांना तोटा नाही, म्हणून गाडीचं बारीक सामान आधी एके ठिकाणी शॉट ब्लास्टिंगला दिलं. ते यंत्र जाड कास्टिंग साफ करण्यासाठी. पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने टूलबॉक्सची पातळ झाकणं फुगून वाकडी झाली. ती ठोकून सरळ करण्यात दोन रविवार गेले आणि ठरवलं, हे काम आता घरीच करायचं.

कॅबिनेट एका दिवसात मिळालं. टेबलावर बसणारं, साधारण दोन फूट रुंद. जाण्याआधी ब्रेक प्लेट आणि इंजिनचं साइड कव्हर मोजून गेलो होतो, ते आत फिरवता येईल एवढंच बघितलं.

कॉम्प्रेसरपाशी मात्र अडकलो. घरात सिंगल फेज, त्यामुळे दोन एचपीच्या वर जायचं नव्हतं. दुकानात दोन एचपी, नव्वद लिटर टाकीचं, पट्ट्यावर चालणारं मॉडेल होतं. विचारलं, "हवा किती देतो?"

"आठ सीएफएम हाय की ओ. पाटीवर लिहिलंय बघा."

"ते डिस्प्लेसमेंट झालं. एफएडी किती?"

"तेच ते, साहेब."

ते तेच नव्हे, आणि सगळा घोळ इथेच आहे. पाटीवरचा आकडा म्हणजे डिस्प्लेसमेंट: पिस्टनचं क्षेत्रफळ, त्याची धाव आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार. पण सिलिंडरने ओढलेली सगळी हवा टाकीत पोचत नाही. हेडच्या फटीत थोडी दाबलेली हवा उरते, पिस्टन खाली जाताना ती फुगते आणि नव्या हवेची जागा खाते. व्हॉल्व्ह थोडे गळतात, आत येणारी हवा तापून विरळ होते. उरलेली जी प्रत्यक्ष टाकीत जाते ती एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी), आणि ब्लास्टिंगची गन चालते तिच्यावर. स्प्रे गनवाल्याचं थोडं मागेपुढे चालून जातं, ब्लास्टिंगवाल्याचं नाही.

दुकानदाराने कंपनीच्या माणसाचा नंबर दिला. त्याने माहितीपत्रक पाठवलं, त्यात आठ सीएफएम. मी लिहिलं, एफएडी हवी आहे. चार दिवसांनी उत्तर आलं, सोबत तेच माहितीपत्रक. फोन केला तर "टेक्निकलवाले कळवतील". आठवडा गेला. पुन्हा फोन केला तर दुसऱ्याच माणसाने पहिल्यापासून सगळं विचारलं, टाकी किती, एचपी किती, गाव कुठलं, आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा तेच पान आलं. मी फुकट काही मागत नव्हतो. अठ्ठावीस हजार रुपये मोजून घेणार होतो, आणि वस्तू जे एकमेव काम करते त्याचं माप विचारत होतो. किलोच्या पिशवीत खरंच किती ग्रॅम आहे, असं विचारल्यावर दुकानदाराने तोंड फिरवावं, तसं ते वाटत होतं.

शेवटी सोळाव्या दिवशी दुसऱ्या दुकानातल्या मेकॅनिकला म्हटलं, मामा, याच मॉडेलचं एक यंत्र लावून देता का, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी लगेच प्लग लावला. ही चाचणी कोणालाही जमते. टाकीचा बाहेर जाणारा कॉक बंद ठेवायचा, मशीन चालू करायचं, आणि काटा चार बारवरून सातवर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब, त्यामुळे दर बारला टाकीभर हवा आत जाते. तीन बार वाढले, टाकी नव्वद लिटरची, म्हणजे आत गेली साधारण २७० लिटर हवा. लागले १ मिनिट ५४ सेकंद. म्हणजे मिनिटाला १४२ लिटर. एका घनफुटात २८.३ लिटर, त्यामुळे आकडा आला पाच सीएफएम. पाटीवर आठ, टाकीत पाच. मामा म्हणाले, "आजवर कुणी मोजलंच नव्हतं." मी तोच कॉम्प्रेसर घेतला, कारण आता मला त्याची ताकद माहीत होती.

एक जपा. काही दुकानदार शून्यापासून भरून दाखवतात. रिकाम्या टाकीत पंप जोमात चालतो आणि आकडा फुगतो. आपण काम करतो त्याच दाबात मोजायचं.

पाच सीएफएमवर काय चालतं? सक्शन गनमध्ये (हवेच्या ओढीने खर खेचून मारणाऱ्या गनमध्ये) हवा किती जाणार हे आतल्या छोट्या एअर जेटच्या भोकावर ठरतं, बाहेरच्या सिरॅमिक नोझलवर नाही. कॅबिनेटबरोबरच्या गनचं जेट ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्याने मोजलं, तीन मिलिमीटर निघालं. ६० पीएसआयला (साधारण चार बारला) ते बारा सीएफएमच्या आसपास खातं. भरलेली टाकी दीड मिनिटात चार बारवर आणि मग अडीच मिनिटं वाट बघायची. दोन मिलिमीटरचं जेट घातलं, त्याची भूक पाच-साडेपाच. आता काम सलग चालतं, सावकाश का होईना. मोटरला मात्र अधूनमधून विश्रांती द्यावी लागते.

वाळूचं सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. नाव सँडब्लास्टिंग असलं तरी नदीची वाळू अजिबात वापरू नका, कॅबिनेट बंद असलं तरीही. फुटलेल्या वाळूची सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस कायद्याने सरकारला कळवाव्या लागणाऱ्या (सूचनीय) रोगांच्या यादीत आहे आणि तो बरा होत नाही. गंजलेल्या लोखंडाला मी ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरतो, इंजिनच्या ॲल्युमिनियमला काचेचे मणी. त्याने छान मंद चकाकी येते. पण आधी प्रत्येक आट्यात बोल्ट बसवा आणि नंतर कव्हर गरम पाणी व साबणाने दोनदा धुवा. एक मणी बेअरिंगमध्ये गेला तरी इंजिन गेलं. कॅबिनेटला व्हॅक्यूम जोडलेला असला तरी तोंडावर एन ९५ असू द्या, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

जुलैत आणखी एक अडचण आली. दहा मिनिटांत गन पाणी थुंकायला लागायची आणि मीडियाचे, म्हणजे माऱ्याच्या खरीचे, गोळे व्हायचे. पाण्याचा फिल्टर होता, पण मी तो कॉम्प्रेसरला चिकटून लावला होता. तिथे हवा गरम असते आणि वाफ सरळ फिल्टरमधून निघून जाते. भिंतीवर पंचवीस फूट जीआय पाइप उतार देऊन फिरवला, खालच्या टोकाला ड्रेन कॉक ठेवला आणि फिल्टर गनच्या बाजूला नेला. पाणी आता पाइपातच उतरतं. टाकीचा तळाचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा.

ब्लास्ट केलेला पत्रा उघडा ठेवू नका. आमच्या इथल्या पावसाळ्यात रात्रीत गंजाचा लालसर थर येतो. टूलबॉक्सची झाकणं सकाळी साफ केली आणि दुपारी जेवायच्या आधी त्यांवर इपॉक्सी प्रायमर मारला. आता ती वर्कशॉपच्या खिळ्याला टांगली आहेत, सरळ आणि सपाट.