प्रांत सोडून कलेक्टर गाठला, अन् कागद परत तहसीललाच

संगणकीकरणात आमच्या सातबाऱ्यावरचं 1 हेक्टर 21 आरचं 1 हेक्टर 12 आर झालं. आकडे उलटले, नऊ आर गेले. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज केला, 1954 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल जोडली. आठ महिन्यांनी निकाल: अर्ज अमान्य. का, तर नक्कल अस्पष्ट.

डोकं फिरलं. म्हटलं, आता थेट कलेक्टर. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो. तिथं अर्ज दिला, पोच घेतली, छाती काढून गावाकडं आलो. दीड महिना काहीच नाही. सहज तहसीलात डोकावलो तर माझा अर्ज त्याच बाबूच्या टेबलावर, त्याच गठ्ठ्यात. वर निळा शिक्का: 'नियमोचित कार्यवाहीस्तव'.

"काका, वरून मार्क होऊन आलाय."

"मग करा की कार्यवाही."

"साहेबांनी निकाल दिलाय, तो साहेबच कसा फिरवतील? अन् ते साहेब बी बदलून गेले. चार्ज शेजारच्या तालुक्याकडं हाय, मंगळवारी येतेत."

चार मंगळवार गेलो. खुर्चीवर नुसता टॉवेल.

शेवटी टपरीवर एक निवृत्त मंडळ अधिकारी भेटले. चहा संपायच्या आत त्यांनी उतरंड सांगितली. तहसीलदाराच्या निकालावर अपील प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं. प्रांताच्या निकालावर जिल्हाधिकारी. ती अपिलं बहुतेक अपर जिल्हाधिकारीच ऐकतात. त्याच्याही वर संभाजीनगरचे विभागीय आयुक्त, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना एकच. "तुम्ही प्रांतच गाळला, मामा!"

अपिलाची मुदत निकाल हाती पडल्यापासून 60 दिवस. माझे 83 झालेले! सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला, अन् तिथं लोकशाही दिनाची ती पोच कामी आली. म्हणून पोच फेकू नका. अन् हो, निकालाचा लिफाफाही ठेवा, तारखेसाठी.

प्रांतांकडं दोन तारखांत काम झालं. तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार धरला, मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केला.

काल नवा सातबारा काढला, 1.21.00. शेजारी म्हणाला, "कलेक्टरनं केलं का?"

"नाही," म्हटलं, "प्रांतानं."