एका घरातल्या दोन गिटारी

गेल्या हिवाळ्यात ऐंशीच्या घरातल्या एक बाई दुकानात आल्या, सोबत नातू, त्याच्या हातात बारा तारांची गिटार आणि बाईंच्या पर्समध्ये पाकिटात जपून ठेवलेले जुने फोटो. म्हणाल्या, ही माझ्या वडलांची स्टेला, तीसच्या दशकातली, तो ब्लूज गायक लेड बेली वाजवायचा तसली, नीट करून द्या, आता हा वाजवणार आहे.

मी न्यू जर्सीत गिटार रिपेअरचं काम करतो, त्यामुळे स्टेला म्हटलं की हातातलं काम बाजूला पडतं. मूळ स्टेला इथलीच, जर्सी सिटीतल्या ऑस्कर श्मिट कंपनीची. आपली मंडळी ज्या जर्सी सिटीत पोहे आणि कढीपत्ता आणायला जातात त्याच गावात लेड बेलीची, ब्लाइंड विली मॅकटेलची बारा तारांची गिटार बनली हे मी भेटेल त्याला सांगत असतो. गिटारी स्वस्तातल्याच होत्या, पण ब्लूजवाल्यांनी त्यांचं सोनं केलं. पुढे कंपनीला उतरती कळा लागली, १९३९ मध्ये स्टेला हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीने घेतलं, आणि साठच्या दशकात फोक संगीताची लाट आली, बारा तारांना मागणी वाढली तेव्हा हार्मनीने त्याच नावाने बर्च लाकडाच्या गिटारी काढल्या. नाव तेच पण गिटार वेगळी, भावही वेगळा.

साउंडहोलमधून लाइट आणि छोटा आरसा आत घातला तर शिक्का दिसला, ६४ सालचा. म्हणजे ही हार्मनीची. पण बाई इतक्या खात्रीने सांगत होत्या की म्हटलं आधी फोटो बघू, कारण घरातल्या आठवणी सहसा पूर्ण खोट्या नसतात, कुठेतरी दोन गोष्टी एकात मिसळलेल्या असतात.

रंगीत फोटोच्या पांढऱ्या कडेवर ऑक्टोबर ६५ छापलेलं होतं आणि त्यात हीच गिटार होती, काही वादच नाही. कृष्णधवल फोटोने मात्र मला अडकवलं. तरुण माणूस गाडीला टेकून उभा, गिटार छातीशी, आणि डावखुरा. बाई म्हणाल्या, छे, वडील उजव्या हातानेच वाजवायचे. मग मी शर्टाकडे बघितलं. खिसा उजव्या बाजूला, बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेली होती! स्कॅन करून फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवला आणि गाडीच्या नंबर प्लेटवरचे जे फराटे इतकी वर्षं कुणाला वाचता आले नव्हते ते सरळ आकडे झाले. त्या काळी इथल्या प्लेटवर सालही छापलेलं असायचं, ते ३६ होतं. नातू स्क्रीनला नाक लावून बघत बसला.

१९३६ म्हणजे हार्मनीने नाव घ्यायच्या आधीचं, तेव्हा फोटोतली गिटार ही टेबलावरची असूच शकत नाही. मग कुठली? एवढ्या बारीक प्रिंटमध्ये तारा मोजता येत नाहीत, पण खुंट्या येतात, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. बॉडीच्या शेवटाला तारा अडकवायचा लोखंडी टेलपीस, तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजवर तारा धरणाऱ्या पिना नाहीत, नेक बाराव्या फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीला, बॉडीला मिळालेली. आता नेक लांब दिसतेय ती खरंच लांब आहे की कॅमेऱ्याच्या कोनामुळे, हे कसं ठरवायचं? नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ मध्यावर पाचवा फ्रेट येतो, गिटार कुठलीही असो. फोटोत तो मध्याच्या अलीकडे-पलीकडे सरकला असेल तर नेक कॅमेऱ्याकडे किंवा मागे कललेली आहे आणि मोजमाप सोडून द्यायचं. इथे तो बरोबर मध्यावर पडला. मग नेकची लांबी आणि बॉडीची रुंदी यांचं प्रमाण काढलं, टेबलावरच्या गिटारीशी अजिबात जुळेना, ऑस्कर श्मिटच्या त्या मोठ्या बारातारीशी जुळलं, जिची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, साडेसव्वीस इंच असायची.

बाईंना सांगणं जिवावर आलं होतं, पण सांगितलं. नुसतं रिपेअर करून बिल हातात दिलं असतं तर ते मला पटलं नसतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग काउंटरवरूनच मोठ्या बहिणीला फोन लावला. बहीण नव्वदीच्या पुढची, पण तिला लख्ख आठवत होतं, अगं ती जुनी गिटार खचली होती ना, ब्रिजपाशी पोट आत गेलं, मग पपांनी दुसरी आणली.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण हे असंच व्हायला हवं होतं. पिनांच्या ब्रिजला तारा वर ओढतात, त्यामुळे टॉप, म्हणजे पुढची फळी, फुगतो, पण टेलपीस असला की तारा ब्रिजला खाली टॉपवर दाबतात, बारा तारांचा दाब काही थोडाथोडका नसतो, आणि आतल्या काड्या शिडीसारख्या आडव्या लावलेल्या असल्या की टॉप हळूहळू खाली बसतो. बहिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिने फक्त बघितलेलं सांगितलं.

बाईंना मी कागदावर लिहून दिलं, फोटोतली गिटार बहुधा ऑस्कर श्मिट, जर्सी सिटी, १९३६ किंवा त्याआधीची. हेडस्टॉकवरचं नाव वाचता येत नाही, आणि ही कंपनी सॉव्हरिन नावानेही गिटारी काढायची, म्हणून स्टेला असं ठामपणे लिहिलं नाही. टेबलावरची हार्मनी, १९६४, वडलांचीच, फोटोसह पुरावा.

हार्मनीचं काम घेतलं, उखडलेली एक काडी परत चिकटवायची आहे, फ्रेट घासायचे आहेत. नातवाला बजावून ठेवलंय की तारा नेहमीच्या ई सुरापर्यंत ताणू नकोस, खालच्या सी वर ठेव, लेड बेलीसुद्धा खालीच ट्यून करायचा, आणि गाण्याला उंच पट्टी हवी असेल तर कॅपो, म्हणजे नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा, लाव.