केबिन फ्रेमची पाच मिलिमीटरची फट

"दादा, केबिन फ्रेम बसत नाहीये. क्लॅम्पने ओढून घेऊ का?" असा, छोटं विमान जोडत असलेल्या एका ओळखीच्या पोराचा फोन आला. मी एवढंच सांगितलं की, मी पोचेपर्यंत एकही भोक पाडू नकोस.

विमान दोन आसनी, वर पंख असलेलं. धड ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आणि त्यावर ४१३० क्रोमोली स्टीलच्या ट्यूबची वेल्ड केलेली फ्रेम. तिचे तीन पाय नीट टेकले होते, मागचा डावा पाय मात्र पाच मिलिमीटर अधांतरी. दोघांनी जोर लावला असता तर तोही बसला असता, आणि धास्ती वाटते ती याचीच. ओढून बसवलेल्या ट्यूबचा ताण रिव्हेटवर कायमचा राहतो. त्यात इंजिनाची थरथर मिळाली की कधीतरी भोकाच्या कडेपासून पत्रा चिरायला लागतो.

फ्रेमच वाकडी आहे याची त्याला खात्री होती. शंका रास्त होती, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि ट्यूबला आपल्याकडे ओढतो. आम्ही फ्रेम उतरवून सपाट टेबलावर ठेवली. चारही पाय टेकले. कर्ण मोजले, तर जेमतेम एका मिलिमीटरचा फरक. फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात होती.

मग धडाला लेव्हल लावली. पुढे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावर, बुडबुडा मधोमध आणि मागे, आसनांच्या पाठीमागच्या चौकटीवर, बाजूला सरकलेला. धडाला पीळ बसला होता. फ्रेम नसलेलं धड झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं असतं, एक कोपरा खाली गेला की सगळं पिळवटतं. इथे धड ज्यावर टेकवलं होतं त्या मागच्या घोडीचा डावा पाय खोलगट फरशीवर होता, बस्स. हा पीळ तसाच रिव्हेटने पक्का झाला असता तर पंख जोडायच्या जागाही तिरक्या राहिल्या असत्या. मग दोन पंखांच्या कोनात फरक पडतो आणि विमान उडताना एका बाजूला झुकत राहतं.

एकाआड एक क्लेको (रिव्हेट मारेपर्यंत पत्रे धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या पिना) काढून धड मोकळं केलं आणि घोडीच्या पायाखाली पाचर हळूहळू सरकवली. मागचा बुडबुडा मध्ये आला तेव्हा फट दीड मिलिमीटरवर आली होती.

उरलेल्या फटीचं कारण बोटाने चाचपल्यावर सापडलं. पायाच्या कोपऱ्यातला वेल्डचा फुगीर भाग पत्र्याच्या कडेला अडत होता. त्याने लगेच कानस उचलली. मी हात धरला. वेल्ड घासला की जोड तिथेच कमजोर होतो, म्हणून घासायचा तो पत्रा. कडेला लहानसा गोल खाचा घेतला, धारदार कोपरा कुठेही ठेवला नाही. राहिलेल्या अर्ध्या मिलिमीटरला तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी दिली. पाय हाताने ठेवला तरी जागेवर बसत होता.

एक भोक तरीही किंचित सरकलेलं निघालं. ४ मिलिमीटरचा रिव्हेट तिथे सैल बसला असता. त्याऐवजी मोठा, ४.८ चा रिव्हेट घालायचा तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ९.६ मिलिमीटर अंतर हवं. मोजलं तर ११ होतं, म्हणून ते मोठं केलं. अंतर कमी असतं तर मागून पत्र्याची जास्तीची पट्टी लावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

रिव्हेट मारायची त्याला घाई झाली होती. पण फ्रेम पुन्हा उतरवायला लावली. प्रत्येक भोकाच्या कडेला उठलेल्या धारदार बर काढल्या, पत्र्यांमधला कीस पुसला आणि जिथे स्टील ॲल्युमिनियमला टेकतं तिथे दोन्ही बाजूंनी प्रायमर मारला. तो वाळल्यावर, पुन्हा लेव्हल बघूनच, रिव्हेट मार असं सांगून निघालो.