छापखान्यातून निघालेला 'सभापती' : आमची वाटचाल

कारंजा (लाड) तालुक्यातला आमचा छापखाना चालायचा तो लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीच्या हँडबिलांवर. पत्रिका मोबाइलवर गेल्या, पावत्याही त्याच वाटेनं. निवडणुका काय रोज लागत नाहीत. कटिंग मशीन रिकामं उभं होतं. अशात पुण्यात शिकणारा भाचा दिवाळीत पटावर मांडायचा एक अमेरिकन खेळ घेऊन आला, स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा 2009 सालचा 'रेव्होल्यूशन'. सेनापती, न्यायाधीश, पुजारी अशा 12 जणांना आपल्याकडे वळवायला सगळे गुपचूप बोली लावतात आणि एकदम उघडतात. बोलीच्या सोंगट्या तीन तऱ्हेच्या : सोन्यापेक्षा ब्लॅकमेल भारी, त्यापेक्षा बळ भारी. बरोबरी झाली तर कोणालाच काही नाही. त्या बारांत एक छापखानेवालाही आहे, ते पाहून मी जागचा हललो नाही. तसाच आपल्याकडचा खेळ छापायचं ठरवलं, तोच हा 'सभापती'.

हा डाव आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कारंजाचा कापूस बाजार 1886 साली नियमनाखाली आला, देशात सगळ्यात आधी. त्या काळी रुमालाखाली बोटं दाबून सौदे ठरत. पुढे नियमांनी उघडा लिलाव आणला. खेळात मात्र आम्ही रुमाल परत आणला. प्रत्येकाला दुपट्ट्याचा एक तुकडा, त्याखाली सोंगट्या ठेवायच्या.

विषय घेतला बाजार समितीच्या निवडणुकीचा. 18 संचालक : सेवा सहकारी सोसायट्यांचे 11, ग्रामपंचायतींचे 4, व्यापारी-आडत्यांचे 2, हमाल-मापाऱ्यांचा 1. आमच्या सोंगट्या तीन तऱ्हेच्या, रोख, सोयरीक आणि धाक. दहा जागा ज्याच्या, सभापती त्याचा.

खरं भांडण झालं ते हरलेल्या बोलीवरून. आमच्यात ती परत मिळत नाही. गावातली पोरं खेळायला बसली की एक जण हमखास म्हणणार, "हारलो तं पैसे वापस भेटले पायजे नं भाऊ!" त्यावर दुसरा, "मंग याले इलेक्शन कायले म्हनता?" दुकानदारांनीही नियम सैल करायला सांगितलं. पण बोली परत मिळाली की सगळेच सगळीकडे हात मारतात आणि डाव लिलावाइतका सरळ होऊन बसतो. जाणार हे माहीत असूनही रोख कुठं टाकायची, सगळी गंमत त्यातच आहे. तो नियम तसाच ठेवला.

बनवण्याचं म्हणाल तर पटानं फार छळलं. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला छापील कागद चिकटवला की वैशाखात पट पापडासारखा वर येतो. मागूनही तेवढ्याच जाडीचा कागद लावायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचा, मग सरळ राहतो. सोंगट्या फर्निचरवाल्याकडच्या सागाच्या तुकड्यांच्या. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. आमचा खेळ तसाही मोठ्यांचाच, डब्यावर '14 वर्षांपुढे' ठळक छापतो.

जिल्ह्याच्या प्रदर्शनांत बरा खपतो, पुण्या-मुंबईकडे कुरिअरनं जातो. सगळ्यात जास्त डबे मात्र आडत्यांच्या गादीवर गेले, दिवाळीची भेट म्हणून. त्यांची एकच मागणी असते : हमालांची ती एक जागा काढून टाका, बाकीच्या जागा नऊ-आठवर अडल्या की तीच डाव फिरवते. काढलेली नाही. पुढच्या छपाईत तिची चौकट थोडी मोठी करतो आहोत.