पहाटेचं स्वप्न आणि उशीजवळची वही

आमच्या आजीकडे प्रत्येक स्वप्नाचा अर्थ तयार असायचा. दात पडला की घरावर संकट, साप दिसला की नागोबाचं काहीतरी करायचं राहिलं, आणि कोणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढलं बाप्पा, टेन्शन घेऊ नको. मला ते ऐकायला फार आवडायचं, पण स्वप्न ज्याला पडलं त्याच्याच चालू आयुष्यात अर्थ शोधावा लागतो असं आता माझं पक्कं मत झालंय.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात ना, त्यात एक गोष्ट आहे. १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांनी शिकागोत झोपेतली एक अवस्था दाखवून दिली, बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात ती, तिला आरईएम म्हणतात, साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे जास्त वेळ टिकते, म्हणून ठसठशीत स्वप्नं तेव्हाच जास्त पडतात आणि लक्षातही राहतात. नागपुरात मे महिन्यात तर विचारूच नका, लाइट गेली, कूलर बंद पडला की घामाघूम होऊन मधेच जाग येते आणि स्वप्न अगदी ताजं हाती लागतं.

तेव्हा मोबाइल उचलायचा नाही. तसंच पडून राहायचं, आधी कसं वाटलं ते आठवायचं, मग काय दिसलं ते, आणि वहीतही त्याच क्रमाने लिहायचं.

मागच्या उन्हाळ्यात मला सारखं एकच स्वप्न पडायचं, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात ओट्यापर्यंत पाणी चढलंय आणि मी एकटीच गाद्या वर नेतेय. आजी म्हणाली असती, पाणी म्हणजे पैसा येणार. पण वहीत दरवेळी पहिला शब्द 'घाई', आणि खाली 'बाकीचे सगळे गेले कुठे?' तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, तिची औषधं, बँक, दवाखान्याच्या चकरा, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर पाण्याचा विचारच करावा लागला नाही. पुण्याला फोन लावला, म्हटलं दादा, ऑपरेशनच्या आठवड्यात तू ये. आला तो.

दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ मात्र आपण सांगू नये. स्वप्नांचे अर्थ लावणारा मनोविश्लेषक फ्रॉइडसुद्धा स्वप्न सांगणाऱ्यालाच विचारायचा, यावरून तुला काय काय आठवतं. माझी मुलगी पेपर कोरा राहिल्याचं स्वप्न सांगते तेव्हा मी एवढंच विचारते, उठलीस तेव्हा कसं वाटत होतं गं, की मग ती शाळेतलं सगळं आपणहून बोलत सुटते, डबा भरेपर्यंत.